पटावरची अकरा मुलं

हॅल्ब्रो, सस्कॅचवान
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय मारिविक,

तुझं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर करणारा माणूस मी नाही, हे तुला माहीत आहे. नाताळचं कार्डसुद्धा मी नोव्हेंबरातच टाकून मोकळा होतो. या तेवीस दिवसांत तीनदा लिहायला बसलो. एकदा तर हवामानावर चांगली दोन पानं झाली, पण वाचून बघितली तेव्हा माझीच मला लाज वाटली आणि फाडून टाकली. आज बाहेर बारीक बर्फ पडतंय, जमिनीवर अजून टिकत नाहीये. चहाची किटली टेबलावरच आणून ठेवलीय. लिहून संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय.

आधी गावाची खबर. आम्ही आता एकोणतीस उरलोय, मला धरून. तुम्ही आलात तेव्हा त्रेसष्ट होतो. स्टीव्ह कोवाल गेल्या हिवाळ्यात वारला, दुकान त्याआधीच बंद झालं होतं. पोस्ट आता फक्त मंगळवारी उघडतं. आणि डिसेंबरच्या शेवटी हॅल्ब्रो हे गाव म्हणून कागदावर राहणार नाही. आजूबाजूच्या शेतवस्त्यांत जमा होणार. तसा ठराव आम्ही सप्टेंबरात केला. पंचायतीत मी आणि लेन डफी असे दोघंच राहिलोय. लेनला ऐकू येत नाही. मी ठराव वाचला, तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा वाचला. तो म्हणाला, "कोण मेलं?" तिसऱ्यांदा त्याने नुसताच हात वर केला, म्हणाला, "तू म्हणशील ते मान्य, पण चल, मला औषध घ्यायचंय." एकशे नऊ वर्षांचं गाव असं संपलं. मी सही केली, लेनला घरी सोडलं आणि परत येऊन सभागृहातल्या खुर्च्या उगाचच रांगेत लावत बसलो.

शाळेची इमारत पलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याने घेतलीय. यंत्रांचे सुटे भाग ठेवतो तिथे. तुझ्या लूर्देसच्या वर्गाच्या खिडकीतून आता ट्रॅक्टरची टायरं दिसतात. मी सहसा त्या रस्त्याने जात नाही.

मार्चमध्ये मी पडलो ते तुला कुठून तरी कळलंच. ते तू ऐकलंस तेवढं भयंकर नव्हतं. पायरीवर बर्फ होतं, पाय सरकला आणि खुब्याचं हाड गेलं. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. मी हाका मारल्या. आमच्या रस्त्यावर अकरा घरं आहेत हे तुला आठवत असेल. त्यातल्या नऊ घरांना आता कुलूप आहे आणि दहाव्यात लेन राहतो. दुपारी एकला औषधाची गाडी आली म्हणून वाचलो. त्या तीन तासांत मला भीती अशी वाटली नाही. वाटलं ते वेगळंच. मी हाका मारायचं थांबवलं, कारण कोणी नाही हे माहीत असताना ओरडणं मला वेड्यासारखं वाटायला लागलं. आपण ओरडतोय आणि आपलंच आपल्याला ऐकू येतंय. असो. आता काठी घेऊन चालतो. सूप करतो, पाव भाजतो, सगळं करतो.

तुला हॅल्ब्रो कसं सापडलं, ते तू मला सांगितलं होतंस. ब्रॅम्प्टनमधलं ते तळघर, दोन कुटुंबांत एक न्हाणीघर, सकाळी मुलांना दात घासायला रांग. शाळेत जागा नाही म्हणून मागच्या अंगणात पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत चौतीस मुलं. लूर्देसच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी वर्षभर दुसऱ्याच मुलीचं नाव लिहिलं आणि लूर्देसने ते दुरुस्त करून घेतलं नाही, कारण बाईंपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही, असं तू म्हणालीस. रोदेलसारखा नवरा गेल्यावर चार मुलं घेऊन तू त्या गर्दीत एकटी पडलीस. आमची जाहिरात तू वृद्धाश्रमातल्या कामावर, जेवणाच्या सुट्टीत वाचलीस. 'मुलं असलेलं कुटुंब हवं. घर देऊ, वर्षभर भाडं नाही. छोटी शाळा, ओळखीची माणसं.' तुझी बाजू मला पाठ आहे. माझी बाजू मात्र मी तुला कधी सांगितली नाही.

ती जाहिरात आम्ही तिघांनी लिहिली. मी, स्टीव्ह आणि आमची सरपंच व्हर्ना लिंडक्विस्ट. शाळामंडळाचा नियम होता की तीस सप्टेंबरला पटावर निदान अकरा मुलं हवीत, नाहीतर शाळा बंद. आमच्याकडे सात होती. आणि ती सातही मीच बसमधून आणायचो. सव्वीस वर्षं मी ती पिवळी बस चालवली. सुरुवातीला एकेचाळीस मुलं होती, इतका गोंगाट की मी कानात कापूस घालायचो. मग दरवर्षी कोणाचं तरी शेत विकलं जायचं, कोणी तरी शहराकडे जायचं आणि एकेक थांबा गळायचा. शेवटी सात मुलं आणि अठ्ठेचाळीस जागा. मुलं दूरदूर बसायची, प्रत्येकाला आपली अख्खी रांग. बसमध्ये इंजिनाचा आवाज सोडून काही ऐकू यायचं नाही. मला मूलबाळ नाही, लग्न नाही, हे तुला माहीत आहे. माझ्याजवळ होता तो तेवढाच गोंगाट, आणि तो थोडा थोडा करून गेला.

मे महिन्यात तुझा फोन आला तेव्हा मी व्हर्नाच्या स्वयंपाकघरातच होतो. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "किती मुलं?" तू 'चार' म्हणालीस. व्हर्नाने फोनवर हात ठेवला, दुसऱ्या हाताची चार बोटं मला दाखवली आणि सत्त्याहत्तर वर्षांची ती बाई ओट्यापाशी चक्क नाचली. नाचून झाल्यावर तिने तुझं नाव विचारलं. सात अधिक चार. इतकी नेमकी बेरीज आम्हाला देवानेच पाठवल्यासारखी वाटली.

तुम्ही ऑगस्टमध्ये आलात. सगळं गाव सभागृहापाशी उभं होतं. मुलं गाडीतून उतरायला लागली तसा स्टीव्ह मोठ्याने मोजायला लागला, "एक, दोन, तीन, चार... अगं, आत बघ जरा, आणखी एखादं झोपलंय का!" सगळे हसले. तूही हसलीस. मोजण्याचा अर्थ तुला तेव्हा कळला नव्हता. पिया झोपेतून उठून आली, तिने चारी बाजूंना बघितलं आणि तुला विचारलं, "आई, बाकीचं गाव कुठंय?" व्हर्ना म्हणाली, "हेच आहे गं बाई. पण आहे ते सगळं तुझंच."

ते वर्ष तुला कसं गेलं हे मला ठाऊक नाही. माझं कसं गेलं ते सांगतो. पिया बसमध्ये बरोबर माझ्या मागच्या जागेवर बसायची आणि हरणं मोजायची. सहाव्या वर्षीही तिला पंधराच्या पुढे नीट येत नव्हतं, म्हणून पंधरानंतर पुन्हा एक. जुळी दोघं, इस्को आणि तोन्यो, मागे बसून इतर मुलांना तुमच्या भाषेतल्या शिव्या शिकवायचे. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं, पण शिवीचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. आणि लूर्देस! ऑक्टोबरात एकदा ती उतरताना थांबली आणि म्हणाली, "मी आज बाईंना चार प्रश्न विचारले." नुसतं एवढंच. मी दिवसभर शीळ घालत होतो.

रात्री गोठू नये म्हणून गाडीच्या इंजिनाला विजेची वायर लावायला मी तुला शिकवलं. उणे चाळीसमध्ये तू तीन टोप्या घालून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "मानोंग, इथे राहणाऱ्या माणसांना कोणी सांगितलं नाही का, की हे राहण्याजोगं नाही?" जानेवारीतल्या वादळात रस्ता बंद झाला आणि तू कामावरच अडकलीस, तेव्हा चारी मुलं दोन दिवस माझ्याकडे होती. मी बीटाचं सूप केलं. तोन्यो म्हणाला, हे आईच्या आंबट सूपसारखं आहे, फक्त रक्त सांडल्यासारखं दिसतंय. तिसऱ्या दिवशी तू आलीस, दारातच बसकण मारलीस, बूटसुद्धा काढले नाहीस, आणि ते लाल सूप वाडगाभर प्यायलीस. मग म्हणालीस, "रोदेल गेल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्या कोणी तरी केलेलं आयतं जेवतेय." मी भांडी घासायला वळलो. माझा चेहरा तुला दिसू नये म्हणून.

तुमच्या फिलिपिन्सकडे मानोंग म्हणजे थोरला भाऊ, हे मला लूर्देसने सांगितलं. ते कळल्यावर जे बोलायचं मनात होतं ते मी मिटून ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाऊ असणंही माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

फेब्रुवारीची सभा तुला आठवते. मला ती रोज आठवते. शाळामंडळाची माणसं आली, कागद वाचले आणि म्हणाली, जूनमध्ये हॅल्ब्रोची शाळा बंद, पुढच्या वर्षीपासून मुलांनी मोठ्या गावी जायचं, जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. व्हर्ना ओरडली, "पण आमची अकरा आहेत! अकरा झाली ना!" ते म्हणाले, हा निर्णय अकराचा नाहीच, तो वर्षभरापूर्वीच झाला होता. वर्षभरापूर्वी, हे शब्द त्यांनी सगळ्यांसमोर उच्चारले. ते गेल्यावर तू उभी राहिलीस. तू कधी मोठ्याने बोलायची नाहीस, त्या दिवशीही बोलली नाहीस. म्हणालीस, "मी मुलांना शाळेसाठी आणलं. तुम्ही माझ्या मुलांना आकड्यासाठी आणलंत. तेही चालेल, आकडा तर आकडा. पण मी सामान बांधत होते तेव्हा हे ठरलेलं होतं. मला फक्त एवढंच सांगा, तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं?"

व्हर्ना म्हणाली, देवाशपथ नाही. तू तिच्याकडे बराच वेळ बघितलंस. सरपंच तीच होती, मंडळाची पत्रं तिच्या नावाने यायची. स्टीव्हने मान हलवली. मग तू माझ्याकडे वळलीस. "मानोंग, तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "मानोंग माझ्याशी खोटं बोलणार नाहीत."

मारिविक, मला माहीत होतं.

जून महिन्यात, तू येण्याच्या दोन महिने आधी, मी बस तपासणीला घेऊन गेलो होतो. मंडळात वाहतुकीचं काम बघणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. त्याने मला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाला, "ओरेस्त, येत्या वर्षानंतर तुझ्या बसचा रस्ता कागदावर नाहीये. शाळाच नाहीये. मुलं किती का असेनात. तू तुझं बघून ठेव, आणि माझं नाव घेऊ नकोस." एवढंच. व्हर्नाला त्याचा पत्ता नव्हता, स्टीव्हलाही नाही. मी घरी आलो आणि तुला फोन लावला. खरंच लावला. तो लूर्देसने उचलला. तू कामावर होतीस. मी हॅल्ब्रोचा म्हटल्यावर ती म्हणाली, "अंकल, तिथे एका वर्गात खरंच पाच-सहाच मुलं असतात? मग मी हात वर केला तर बाईंना दिसेल?" मी म्हणालो, दिसेल. ती म्हणाली, "आईला काही निरोप सांगू?" मी म्हणालो, "काही नाही, प्रवासाला गरम कपडे जास्त घ्या म्हणावं." आणि ठेवून दिला.

त्यानंतर मी स्वतःला खूप काही सांगितलं. अकरा मुलं बघून मंडळाचं मन बदलेल. एक वर्ष तर एक वर्ष, पोरीला हात वर करायला मिळेल. सगळं खरं वाटायचं. पण खरं कारण असं की सव्वीस वर्षांनी मला माझ्या बसमध्ये पुन्हा आवाज हवा होता. तुम्हाला मी तेव्हा बघितलंही नव्हतं. तुम्ही कोणीही असतात तरी मी तसंच केलं असतं. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं. पुढे तुम्ही माझी झालात, पण आणताना तुम्ही मलाही आकडाच होतात. इतरांना शाळेसाठी, मला माझ्यासाठी.

आणि फेब्रुवारीत 'नाही' म्हणालो ते कशासाठी, हे तुला वेगळं सांगायला नको. त्याची किंमत मी दिली नाही, व्हर्नाने दिली. त्या दिवसानंतर तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. ती तुमच्या दारात दोनदा केक ठेवून गेली, दोन्ही वेळा तू तो तसाच परत तिच्या पायरीवर नेऊन ठेवलास. जुलैत तुम्ही विनिपेगला निघालात तेव्हा ती आपल्या खिडकीतून बघत उभी होती, बाहेर आली नाही. तू मला मिठी मारलीस, तिच्या घराकडे मात्र बघितलंही नाहीस. आणि मी तिथे उभा राहून ती मिठी घेतली. व्हर्ना आता मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात आहे, एक्क्याऐंशी वर्षांची. मी दर गुरुवारी जातो. तिला आता जवळचं फारसं आठवत नाही, पण हे आठवतं. दर वेळी विचारते, "ती पोरगी मला खोटारडी का समजली रे, ओरेस्त? मी तर खरंच सांगत होते." गेल्या गुरुवारी मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तिला सांग ना. मला काय सांगतोस?" आणि तोंड भिंतीकडे करून झोपली. जाताना मी हाक मारली, तिने ओ दिली नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की विनिपेगच्या घरात खाली एक खोली रिकामी आहे, तिला मोठी खिडकी आहे, पायऱ्यांना तू दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेतलेस. मुलांनी मिळून ठरवलंय, मानोंगने एकट्याने हॅल्ब्रोत आणखी एक हिवाळा काढायचा नाही, इस्को आणि तोन्यो नोव्हेंबरात गाडी घेऊन येतील. आणि खाली लिहिलंस, 'त्या गावात आमच्याशी खरं वागलेला माणूस एकच होता, त्याला आम्ही तिथे सोडणार नाही.' पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं आणि त्याच संध्याकाळी माळ्यावरून पेटी खाली काढली. दोन सदरे, कामाची अवजारं, माझ्या आईचा फोटो, एवढं भरलंही. खोटं कशाला बोलू, तेवीस दिवसांतले वीस दिवस मी न सांगता यायचंच ठरवत होतो. यायचं आहे मला. इतकं यायचं आहे की सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवतं. पण त्या एका ओळीवर मी तुझ्या घरात शिरलो, तर रोज जेवताना ती ओळ माझ्यासमोर असेल. म्हणून हे पत्र. मुलांना गाडी घेऊन पाठवायच्या आधी तू हे वाचावंस आणि मग काय ते ठरवावंस. पाठवू नकोस असं ठरवलंस तर कळवायचे कष्ट घेऊ नकोस, नोव्हेंबर संपला की मी समजेन. एवढं मात्र कर, मी काहीही असलो तरी कर. व्हर्नाचा फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकलाय. दुपारी दोन ते चार ती जागी असते. तिला फोन कर.

तुझाच,
ओरेस्त ह्नात्युक